बालीत एक दिवस गाडी करून फिरलो, काय बघावं आणि काय सरळ सोडावं

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. बालीत दिवसभरासाठी गाडी आणि ड्रायव्हर घेऊन देवळं, जुनी ठिकाणं आणि एखादा धबधबा अशी जी ट्रिप सगळेच करतात ती जरूर करा, पैसे वसूल होतात. पण हातात जो छापील प्लॅन देतात तो तसाच्या तसा घेऊ नका. त्यात आठ-नऊ ठिकाणं कोंबलेली असतात, निम्मी झोक्याची, कॉफीची आणि फोटोची, आणि जी खरंच बघण्यासारखी आहेत तिथं तुम्ही बरोब्बर भर दुपारी सगळ्या बसगाड्यांच्या सोबत पोचता. आम्ही यादी कापली आणि क्रम उलटा लावला, सगळ्यात लांबचं आधी आणि जवळची परतीच्या वाटेवर. सोलापुरातल्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे मी, नवरा, कॉलेजातली मुलगी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्यांचे गुडघे कुरकुरतात पण देवळाचं नाव काढलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभ्या. मे महिना, इकडं पारा चव्वेचाळीसला टेकलेला, तिकडं तिशीच्या आसपास पण दमट लई, अंगाला नुसता चिकटा. उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळुरू गाठलं आणि तिथून थेट डेनपसारचं, म्हणजे बालीचंच, विमान, मुंबईच्या गर्दीपेक्षा आम्हाला ते बरं पडलं. व्हिसा उतरल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून बाली सरकार पर्यटकांकडून वेगळे दीड लाख रुपिया घेतंय, दोन्ही घरून ऑनलाइन भरून टाका, तिथली लाइन वाचते. लाखाचे आकडे ऐकून दचकू नका, आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला तिकडचे एकशे ऐंशीच्या वर मिळत होते. नवरा आईला म्हणाला, आई तू पर्समध्ये दहा लाख घेऊन फिरायलीस, तर आत्यांनी पर्स जी काखेत धरली ती परत हॉटेलात येईपर्यंत सोडली नाही.

आता गाडीचं. पॅकेजवाल्यानं डे टूरचा वेगळा रेट सांगितला होता, माणशी, आणि तो चौघांचा मिळून बराच व्हायला लागला. म्हणून हॉटेलाच्या रिसेप्शनवर विचारून एक सात सीटर केली, दहा तास, पेट्रोल पार्किंग धरून साडेसहा लाख रुपिया म्हणजे आपले साडेतीन हजार समजा. तिकिटं आपली आपण काढायची. आपल्याकडं तुळजापूर नळदुर्ग अक्कलकोट एका दिवसात करायचं म्हणून एसी गाडी सांगितली तरी फार काही स्वस्त पडत नाही, त्या हिशोबानं मला रेट एकदम वाजवी वाटला. माणशी रेटच्या टूरमध्ये अजून एक गोम असते, बसमध्ये बाकीचे वीस जण असतात आणि त्यातला एक कुणीतरी सगळीकडं अर्धा तास उशिरा येतो.

ड्रायव्हरला मी दहापैकी साडेनऊ देईन. सांगितलं होतं सहाला, हा पावणेसहाला खाली उभा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला तांदळाचे दाणे लावलेले. गाडीच्या डॅशबोर्डवर नारळाच्या पानाची एवढीशी द्रोणासारखी टोपली, त्यात फुलं आणि एक बिस्कीट. त्याला चानांग सारी म्हणतात, रोजचा नैवेद्य, घरापुढं दुकानापुढं फुटपाथवर सगळीकडं ठेवलेला असतो, चालताना खाली बघून चाला नाहीतर पाय पडतो. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते पण हॉर्न नाही. खरंच नाही. स्कूटरवाले आडवे येतात, हा थांबतो, ते हसतात, हा हसतो, सोलापुरात सात रस्ता चौकात संध्याकाळी उभं राहून हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आत्यांना तो इबू म्हणायचा, आईला म्हणतात तसं, आणि आत्या त्याला बाळा म्हणायच्या, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी दिवसभर दोघंच सगळ्यात जास्त बोलले. अर्धा मार्क कापला तो कॉफीमुळं, ते पुढं येतंच.

पहिलं ठिकाण तीर्ता एम्पुल, तम्पाकसिरिंग गावात. आम्ही कुटाला राहिलो होतो, तिथून सकाळी लवकर निघून दीड तास लागला, हेच नऊला निघालात तर उबुदच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकता. देऊळ इसवी सन ९६२ च्या सुमाराचं, वर्मदेव राजांच्या काळातलं. आत एक जिवंत झरा आहे, एका कुंडात तळाची काळी वाळू हलताना दिसते आणि त्यातून पाणी वर येत असतं, ते पाणी पुढं दगडी तोट्यांमधून हौदात पडतं आणि त्या तोट्यांखाली एकेक करत डोकं धरायचं. मेलुकात म्हणतात त्याला, शुद्धीचं स्नान. गोष्ट अशी सांगतात की मायादेनावा नावाच्या राजानं देवांच्या सैन्याला विषारी पाणी पाजलं, तेव्हा इंद्रानं जमिनीत बाण मारून हा झरा काढला आणि सैन्य जिवंत केलं. आत्यांना इंद्र म्हटल्यावर आणखी काही समजावून सांगायला लागलं नाही.

इथं नीट ऐका कारण बरेच लोक चुकतात. आंघोळीसाठी वेगळा सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, भाड्यानं घ्यावा लागतो, अंगावरचा चालत नाही, लॉकरचे पैसे वेगळे. हात जोडायचे, मग डावीकडून सुरू करून तोटी तोटी पुढं सरकायचं, आणि मधल्या दोन तोट्या सोडायच्या, त्या मेलेल्या माणसांच्या विधीसाठी असतात. पाटी असते पण गर्दीत दिसत नाही. आमच्या पुढं एक परदेशी जोडपं त्याच तोट्यांखाली मस्त फोटो काढत उभं, शेवटी एका बालीनीज आजीनं हाताला धरून त्यांना पुढं नेलं. पाणी गार. आत्या आधी काठावर बसून बघत होत्या, मग म्हणाल्या आलोच आहे तर, आणि उतरल्या की थेट. बाहेर आल्यावर आमच्या घरचाच सोलापुरी टॉवेल काढला, नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना आहे त्यामुळं परदेशी जाताना बॅगेत निम्मे टॉवेलच असतात, आणि खरं सांगते त्या दिवशी उपयोग झाला, कारण तिथं टॉवेल मिळत नाही, स्वतःचा न्या. आम्ही बाहेर पडायलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि पार्किंगमध्ये मोठ्या बस लागायला सुरुवात झाली होती, हौदापाशी लाइन पार पायऱ्यांपर्यंत. दुपारी यायचं असेल तर आंघोळीचा विचार सोडून द्या, नुसतं बघून निघा.

बायकांसाठी एक, पाळी चालू असेल तर देवळात येऊ नका अशी पाटी प्रत्येक ठिकाणी लावलेली आहे. कुणी तपासत नाही. मला ती पाटी पटते का, तो वेगळा विषय, आपल्याकडंही हे सगळं आहेच. पण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्यांचा नियम, आणि रक्त वाहणारी जखम असलेल्या पुरुषालाही तोच नियम आहे हे ड्रायव्हरनं सांगितलं. बुकिंग करताना तारीख बघून दिवस ठरवा म्हणजे झालं.

सारोंगचंही इथंच सांगते. गाडीतून उतरलं की पार्किंगमध्ये बायका अंगावर येतात, सारोंग घ्या सारोंग घ्या, नाहीतर आत सोडणार नाहीत. तिकिटाच्या खिडकीजवळ नुसतं नेसून फिरायला सारोंग आणि कमरेचा पट्टा असा सेट तिकिटातच मिळतो, आम्हाला तरी सगळीकडं मिळाला. घ्यायचाच असेल तर हौसेनं घ्या, भीतीनं नको. आमच्या घरात कापड हातात आलं की तपासणी होतेच, नवऱ्यानं एक सारोंग उलटा करून बघितला आणि म्हणाला हे छापलंय, उलट्या बाजूला रंगच नाही, खऱ्या बाटिकला दोन्ही बाजूनं नक्षी दिसते. तिकडचं खरं विणकाम म्हणजे एंडेक, बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताला आधी गाठी मारून रंग देतात आणि मग विणतात, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांना बघितल्या बघितल्या कळेल काय केलंय ते. ते पार्किंगमध्ये मिळत नाही आणि स्वस्तही नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं जे कापड झाडांना आणि मूर्तींना गुंडाळलेलं दिसतं ते मात्र पूजेचं, त्याची बर्म्युडा शिवून घालू नका, आम्ही विमानतळावर एकाच्या अंगावर बघितली.

दुसरं ठिकाण गुनुंग कावी, कातळात कोरलेलं जुनं काम, आणि माझ्या मते अख्ख्या बालीतलं हे एक नंबर. तीर्ता एम्पुलपासून गाडीनं पाच-दहा मिनिटं. गंमत म्हणजे छापील प्लॅनमध्ये हे नसतंच, किंवा वेळ असेल तर असं लिहिलेलं असतं, कारण तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या, बसमधल्या वीस जणांना घेऊन हे कोण करणार. पायऱ्या भातशेतीतून जातात, दोन्ही बाजूला टप्प्याटप्प्याची हिरवी शेतं, पाटातनं पाणी खळखळत एका शेतातून दुसऱ्यात. हीच ती सुबाकची पद्धत, गावातले शेतकरी मिळून पाणी वाटून घेतात आणि त्याचं नियोजन पाण्याच्या देवळांभोवती चालतं, युनेस्कोनं २०१२ साली याला जागतिक वारसा म्हणून घेतलं आणि त्यात ही पाकेरिसान नदीची दरी आहे. म्हणून सांगते, भातशेतीचे फोटो काढायला तेगलालांग ह्या प्रसिद्ध ठिकाणी वेगळी चक्कर मारायची काही गरज नाही, तिकडं झोके आणि तिकिटं आणि प्रत्येक बांधावर देणगीचा डबा. इथं तीच शेतं, माणसं कमी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाला ते वाहतं पाणी बघून काय वाटतं ते मी लिहीत बसत नाही, नवरा एवढंच म्हणाला की ह्यांना आपल्या उजनी धरणाच्या पाणीवाटपाची मीटिंग दाखवायला पाहिजे एकदा.

खाली उतरलं की नदी, आणि नदीच्या दोन्ही काठांवर उभ्या कातळात कोरलेली दहा शिखरं. सातेक मीटर उंच कोनाडे, प्रत्येकात एक अख्खं देऊळ कोरून काढलेलं, पण आत जायला जागा नाही, पुढून दिसतं तेवढंच. पूर्वेला पाच ओळीनं, समोर पश्चिमेला चार, आणि एक लांब एकटंच. अकराव्या शतकातलं काम, उदयन राजा आणि त्याच्या घराण्यासाठी त्याचा मुलगा अनक वुंग्सू यानं करवलं असं मानतात. ह्याच उदयनाचा एक मुलगा ऐर्लंगा जावाला जाऊन मोठा राजा झाला. आणि लोककथा विचाराल तर केबो इवा नावाच्या राक्षसी ताकदीच्या माणसानं एका रात्रीत नखांनी हे सगळं कोरलं. वेरूळ बघितलेल्या माणसाला खोदकाम म्हणून हे काही अचाट वाटणार नाही, नक्षी फार नाहीच. पण इथं बाजूनं नदी वाहते, शेवाळ, बांबू, पाण्याचा आवाज, आणि कातळात भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्या जिथं आजही चपला काढून जायचं. आम्ही तिथं तासभर होतो आणि मुलीनं मोबाइल खिशात ठेवला, त्यावरून समजून घ्या.

आत्यांचं काय केलं ते सांगते कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्या निम्म्या पायऱ्या उतरल्या, शेतं सुरू होतात तिथं एक शहाळ्याची टपरी आहे, तिथं बसल्या. टपरीवाल्या बाईंनी खुर्ची दिली, शहाळं दिलं, आणि आम्ही वर येईपर्यंत आत्या त्या टपरीवाल्या बाईंच्या सुनेकडून पंजात फुलं कशी धरायची ते शिकत बसल्या होत्या. गुडघ्याचा त्रास असेल तर ही आयडिया वापरा. अगदीच जमत नसेल तर गुनुंग कावी सोडा, पण मग तुमच्या ट्रिपमधला निम्मा जीव गेला हे लक्षात ठेवा. उतरताना काही वाटत नाही, चढताना सगळे देव आठवतात.

जेवणाचं पटकन. आम्ही शाकाहारी. दरीचा व्ह्यू असलेल्या बुफेला नेतो म्हणून ड्रायव्हर म्हणाला तर आम्ही नको म्हटलं, तुझं घरचं जेवण जिथं जेवतोस तिथं ने. साध्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत नेलं, गादो-गादो घेतलं, उकडलेल्या भाज्या, तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी आणि वरून शेंगदाण्याचा रस्सा, चव थेट आपल्या शेंगाचटणीत पाणी आणि गूळ घातल्यासारखी, आत्यांनी बॅगेतनं कडक भाकरी काढली आणि त्यात बुडवून खाल्ली, वारुंगवाली बघतच राहिली. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, तिकडच्या संबल चटणीत बऱ्याचदा तेरासी असते, कोळंबीची आंबवलेली पेस्ट, दिसत नाही. ऑर्डर देतानाच तनपा तेरासी, तेरासीशिवाय, असं म्हणा. मासे-मटण नको एवढं सांगून भागत नाही, तेरासीला ते मासे धरत नाहीत.

मग कॉफी. सकाळी स्पष्ट सांगितलं होतं की कॉफीच्या बागेत जायचं नाही. जेवणानंतर हा म्हणतो फक्त दहा मिनिटं, फुकट आहे. हे फुकट म्हणजे काय तर दहा-बारा छोटे कप, आल्याची हळदीची लेमनग्रासची कॉफी असं सगळं, ते खरंच फुकट. मग लुवाक कॉफीचा कप विकत, आणि मग दुकानातून बाहेर पडायची वाट. लुवाक म्हणजे उदमांजर, ते कॉफीची फळं खातं आणि त्याच्या विष्ठेतल्या बिया धुऊन भाजून ती जगप्रसिद्ध कॉफी. आत्यांना हे मी मराठीत सांगितल्यावर त्यांनी हातातला हळदीचा कपही खाली ठेवला. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीचा, एवढ्याशा पिंजऱ्यात ते जनावर दिवसा ढवळ्या लोकांना दाखवायला ठेवलेलं, रात्री फिरणारा प्राणी तो, कोपऱ्यात अंग चोरून पडलेला. मुलगी तिथूनच मागं फिरली. दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. ड्रायव्हरला कमिशन मिळतं हे उघड आहे, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण मग टिप थोडी जास्त देतो पण तिथं नेऊ नको असा सौदा सकाळीच करा. पुढच्या कुणालाही मी हेच सांगेन.

गोआ गजा. उबुदच्या जवळ, परतीच्या वाटेवर. गुहेच्या तोंडावर मोठा जबडा वासलेला चेहरा कोरलाय आणि त्या जबड्यातून आत जायचं. आत काळोख, धूपाचा वास, इंग्रजी टी अक्षरासारखी छोटी गुहा, एका टोकाला गणपती आणि दुसऱ्या टोकाला तीन शिवलिंगं. हे बघून आत्यांनी मोठ्यानं ओम नमः शिवाय म्हटलं आणि मागं उभ्या असलेल्या बालीनीज पुजाऱ्यानं हात जोडून ओम स्वस्त्यस्तु म्हटलं, तिकडं नमस्काराला तेच म्हणतात. गुहा १९२३ साली डच लोकांनी नोंदवली, पण समोरचं स्नानकुंड, ज्यात दगडी बायकांच्या हातातल्या कलशातून पाणी पडतं, ते १९५४ पर्यंत मातीखालीच होतं. खाली ओढ्याकडं उतरलं की बौद्ध अवशेष पण आहेत, कातळ कोसळून पडलेले. अर्ध्या पाऊण तासात होतं. दुपारी खूप गर्दी होती आणि गुहा लहान, त्यामुळं आत दोन मिनिटांच्या वर थांबता आलं नाही. बरं आहे, पण गुनुंग कावीनंतर थोडं फिकं.

बातुआनचं देऊळ माझ्या यादीत नव्हतंच, वाटेत आहे म्हणून थांबलो. आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ एका पाटीपुढं उभी राहिले. हे देऊळ, पुरा देसा आणि पुरा पुसेह बातुआन, इथला लेख शके ९४४ चा, म्हणजे १०२२ साल, मरकत राजाच्या काळातला. मरकत म्हणजे सकाळी ज्याच्या घराण्याची शिखरं बघितली त्या उदयनाचाच मुलगा. आता आपलं हत्तरसंग कुडल आठवा, भीमा-सीना संगमावरचं संगमेश्वराचं देऊळ, तिथला मराठी शिलालेख शके ९४० चा, १०१८ साल, मराठीतला सालाची नोंद असलेला सगळ्यात जुना लेख म्हणून ज्याचं नाव घेतात. चार वर्षांचं अंतर! समुद्रापल्याड इतक्या लांब, लिपी वेगळी भाषा वेगळी, पण सन मोजायची पद्धत तीच, शक. आणि अजून तीच चालू आहे, त्यांचा नववर्षाचा न्येपी शकाच्या हिशोबानं येतो, २०२६ ला तर १९ मार्चला तिकडं न्येपी आणि इकडं पाडवा एकाच दिवशी, दोन्हीकडं शके १९४८. फक्त आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि ते दिवसभर दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा बंद. त्या दिवसाच्या आसपास तिकीट काढताना बघून काढा.

मी हे नवऱ्याला तिथं उभ्या उभ्या सांगत होते तर तो म्हणाला, कुडलला आपण शेवटचं कधी गेलो होतो? उत्तर दिलं नाही मी. सोलापुरातून जायला तासभर लागत नाही आणि तिथं कुठली टूर जात नाही.

बातुआनला आत्यांचा एक प्रश्न होता जो तुमच्याही घरच्यांना पडेल, मूर्ती कुठाय? बालीच्या देवळात आपल्यासारखा गाभारा, मूर्ती, दर्शनाची लाइन नसते. मोकळी अंगणं एकापुढं एक, मधे दुभंगलेला दरवाजा, ताडाच्या काळ्या तंतूंच्या छपरांची एकावर एक चढवलेली मेरू, आणि एक उंच दगडी सिंहासन, रिकामं. पद्मासन म्हणतात त्याला. देव उत्सवाला येतो आणि त्यावर बसतो. त्यांच्या बऱ्याच देवळांचा वाढदिवस दर २१० दिवसांनी येतो, तेव्हा खरी गर्दी आणि सजावट. एरवी तुम्हाला शांत रिकामी अंगणं दिसणार, ते बघून हिरमुसू नका. त्या दिवशी पूजा चालू असेल तर आतल्या अंगणात बाहेरच्यांना सोडत नाहीत, तिथं हुज्जत घालू नका.

शेवटी तेगेनुंगान धबधबा, पेतानु नदीवरचा. मायादेनावाची गोष्ट इथं येऊन जुळते, इंद्रानं त्याला मारल्यावर त्याचं रक्त ह्या नदीत मिसळलं आणि तिचं पाणी हजार वर्षं शेतीला वापरायचं नाही असा शाप होता म्हणतात. गोष्ट छान, धबधबा ठीकठाक. पाणी भरपूर आहे, नळदुर्गला नर-मादी धबधबे बघायला आपण आधी पाऊस किती झाला विचारून जातो तसलं काही नाही, मे महिन्यात धो धो पडत होतं. पण खाली उतरायच्या वाटेवर दोन्हीकडं दुकानं, वर डीजेचा दणका, झोक्याचे वेगळे पैसे, पक्ष्याच्या घरट्यासारख्या पिंजऱ्यात बसून फोटोचे वेगळे, धबधब्याच्या अगदी पुढ्यात माणसांच्या डोक्यांची रांग. आम्ही वीस मिनिटांत वर. आत्या वर बसूनच होत्या, त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. धबधबा हवाच असेल तर तिबुमाना विचारा, बांगलीकडं आहे, आमच्याच हॉटेलातल्या पुण्याच्या एका कुटुंबानं तो केला आणि त्यांचे फोटो बघून मुलगी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पावसाळा तिकडं साधारण नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा सगळेच धबधबे गढूळ लाल होतात आणि पायऱ्या निसरड्या, आपल्या दिवाळी-नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

हिशोब. गाडीचे साडेतीन हजार, तिकिटं माणशी प्रत्येक ठिकाणी कुठं कमी कुठं जास्त, मोठ्या देवळांना पन्नास ते पंच्याहत्तर हजार रुपिया म्हणजे आपले तीन-चारशे, जेवण स्वस्तात झालं, ड्रायव्हरला वर लाखभर रुपिया टिप दिली. रोख पैसे ठेवा, तिकिटाच्या खिडकीवर कार्डावर भरवसा ठेवू नका. संध्याकाळी उबुदकडून कुटाला येताना दीडाचे अडीच तास झाले, दहा तासांच्या वर गेलं तर तासाला जादा पैसे आहेत, ते आधीच विचारून घ्या. आमचा ड्रायव्हर जादाचे मागत नव्हता, आत्यांनीच पर्स उघडून दिले, आणि दिवसभरात ती पर्स पहिल्यांदा उघडली.

परत गेले तर काय करेन? सहाला निघून तीर्ता एम्पुल, गुनुंग कावी, जेवण, बातुआन, बास. गोआ गजा वेळ उरला तर. धबधब्यासाठी वेगळा दिवस. गाडी बुक करतानाच व्हॉट्सअपवर लिहून घ्या की कॉफी नाही, झोका नाही, दुकान नाही, आणि क्रम लांबून जवळ. लिहिलेलं असलं की मग दुपारी दहा मिनिटांचा विषय निघत नाही.